पुणं का बेंगळूर

म्हैसूरचं शिक्षण संपवून मी आळंदला परत आले, तेव्हा मी नेमकी काय झालेय हे घरातल्या कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मी वाचोपचार शिकले होते. ज्या मुलांना वयानुसार बोलणं येत नाही, किंवा लकवा मारल्यावर ज्या माणसांची वाचा जाते, त्यांना पुन्हा बोलतं करायचं, असं ते काम. अप्पांची बाजारात तुरीची आडत आहे. दुकानात येणाऱ्यांना ते माझ्याबद्दल "बोलायची डॉक्टर" असं सांगत. उमरग्याची मावशी आली तेव्हा म्हणाली, "बोलायला शिकवायला कालेज कशाला लागतंय? आमाला कुणी शिकवलं?" आणि स्वतःच खदखदून हसली.

आळंदमध्ये या कामाला जागा नव्हती. गुलबर्ग्यात होती, पण ती भरलेली होती. शहराला जावं लागणार हे सगळ्यांनाच मान्य होतं. कुठल्या, एवढाच प्रश्न होता. म्हैसूरला माझ्याबरोबर शिकलेली सांगलीची मैत्रीण पुण्यात लहान मुलांच्या एका केंद्रात काम करत होती. ती म्हणत होती, ये, जागा आहे. आणि बेंगळूरच्या एका मोठ्या दवाखान्यानं मुलाखतीला बोलावलं होतं. पुणं का बेंगळूर, यावर आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे तयार उत्तर होतं. फक्त माझ्याकडे नव्हतं.

आमच्याकडे हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नसतो. आळंदहून पश्चिमेला बस धरली की एक डुलकी होईतो महाराष्ट्र लागतो. आम्ही मात्र कर्नाटकातले. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी उर्दू. सकाळी अंघोळ करून इष्टलिंग तळहातावर घेतलं की अप्पांची भाषा कन्नड होते, आणि पूजा आटोपून चहा मागितला की पुन्हा मराठी. यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. म्हैसूरला गेल्यावर मुली विचारायच्या, "तुझी मातृभाषा नक्की कुठली?" मी दर वेळी वेगळं उत्तर द्यायचे.

अप्पा म्हणाले, "दोन्ही गावं बघून ये. माल बघितल्याबिगर भाव करू न्हाई."

म्हणून आधी पुण्याला गेले. दोन आठवडे काम करून बघायचं, जमलं तर राहायचं, असं ठरलं होतं. मैत्रिणीच्या खोलीत एक गादी टाकली. घरमालकीण बाई पहिल्याच दिवशी वर येऊन चौकशी करून गेल्या. गाव ऐकून म्हणाल्या, "म्हणजे कानडी का? पण मराठी छान बोलता हो." मी "माझी भाषाच आहे ती" असं म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा इतका कौतुकाचा होता की नुसतं "थँक यू" म्हटलं.

केंद्र एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर होतं. भिंतींवर रंगीत प्राणी काढलेले, एका खोलीला काच, आणि काचेपलीकडे आई-वडिलांना बसायला बाक. मला एक चार वर्षांची मुलगी दिली. तिला ऐकू उत्तम येत होतं, समजत सगळं होतं, पण ती बोलत नव्हती. हवं ते बोटानं दाखवायची आणि नाही मिळालं तर भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला लाल रंगाची एक बस आवडायची. मी रोज फरशीवर मांडी घालून तिच्यासमोर ती बस पुढे-मागे करायचे आणि तेच तेच म्हणायचे. आमच्या कामात तेच तेच म्हणण्याला फार किंमत असते. "बस कुठं जायली? बस जायली... जायली... बस जायली!" पाटाखाली बस गडप व्हायची आणि मी गप्प बसून तिच्याकडे बघत राहायचे.

असंच एका दुपारी बस पाटाखाली गेली, मी गप्प बसले, आणि मुलगी म्हणाली, "बश जायली."

स्पष्ट. दोन शब्द, जोडून. काचेपलीकडे तिच्या आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी शिकले ते याच घडीसाठी, असं मला वाटलं. मुलगी मात्र काहीच झालं नसल्यासारखी पाटाखाली वाकून बस शोधत होती.

दोन दिवसांनी केंद्राच्या मॅडमनी मला खोलीत बोलावलं. चांगल्या बाई होत्या. चहा मागवला, माझ्या कामाचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाल्या, "एक छोटीशी गोष्ट. ती आता घरभर 'जायली, जायली' करत फिरते. दूध जायली, बाबा जायली. आजी विचारते, हे कुठून शिकली? तेवढं 'चाललीय' करा ना. शेवटी आपण भाषाच शिकवतोय."

मी "हो" म्हटलं. चूक काढावी असं त्या काहीच बोलल्या नव्हत्या. तरी चहा अर्धा ठेवूनच मी उठले.

दुसऱ्या दिवशी मी बस पाटाकडे नेत म्हटलं, "बस कुठं चाललीय?" मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. खोलीत कुणीतरी दुसरंच आलंय, तसं. मग मला समजावल्यासारखं हळू म्हणाली, "जायली." आता तिला बरोबर म्हणावं की चूक, हे मला खरंच कळेना. माझ्या शिक्षणाप्रमाणे ते अगदी बरोबर होतं. त्या खोलीच्या हिशेबानं ते सुधारायला हवं होतं. मी टाळ्या वाजवल्या आणि वाजवतानाच काचेकडे चोरून बघितलं.

संध्याकाळी मैत्रीण पोहे परतत म्हणाली, "अगं, एवढं काय? महिन्याभरात सुटेल तुझं बोलणं. माझं नाही का सुटलं?"

"सुटलं म्हणजे?"

"म्हणजे इथल्यासारखं झालं. आता घरी फोनवर बोलले तरी आई म्हणते, तू पुण्याची झालीस."

"आणि तुला काय वाटतं?"

तिनं झारा हातात धरून जरा विचार केला. "मला काय वाटणार? बरं वाटतं. कधी कधी नाही वाटत." मग पोह्यात मीठ घालायचं राहिलंय का, यावर आमचं बोलणं गेलं.

पुणं मला आवडलं नाही असं नाही. संध्याकाळी टेकडीवर जाता यायचं, रिक्षात मराठी, भाजीवाल्याशी मराठी, नाटकाच्या जाहिराती मराठीत. सगळ्या पाट्या मला वाचता येत होत्या आणि सगळ्या कळत होत्या. तरी दिवसभर तोंड उघडण्याआधी शब्द चाचपून बघायची सवय लागली, आणि रात्री जबडा दुखायचा. मॅडमना म्हटलं, घरी बोलून कळवते.

तिथून गुलबर्ग्याला उतरले, घरी चार दिवस राहिले आणि बेंगळूरची गाडी धरली.

बेंगळूरला मी मनात म्हणत होते, इथं तरी प्रश्न नाही. कन्नड माझ्या शाळेची भाषा, बारावीपर्यंत त्यात पहिली येत होते. दवाखान्याजवळच्या मुलींच्या वसतिगृहात खोली घेतली. पहिल्या दिवशी जेवणघरात शेजारी बसलेल्या मुलीला मी आपुलकीनं विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवलात का हो, असं. आमच्याकडे गुलबर्ग्यात सगळे असंच विचारतात. ती मुलगी चमचा खाली ठेवून हसायला लागली. वाईट नाही, प्रेमानंच. म्हणाली, किती गोड बोलता, नाटकातल्यासारखं! तिनं दुसरीला हाक मारली आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. मीही म्हटलं. मग दुसरीनं विचारलं, "नीवु मराठियवरा?" तुम्ही मराठी का?

मी जेवत राहिले. तीन आठवड्यांपूर्वी घरमालकीण बाईंनी मला कानडी ठरवलं होतं. आता इथं मी मराठी होते. दोन्ही ठिकाणी लोक इतके गोड होते की चिडायचं कुणावर तेच कळेना.

मुलाखत मात्र चांगली झाली. तिघे जण होते, सगळं इंग्रजीत. शेवटी एका डॉक्टर बाईंनी विचारलं, "तुम्ही बेंगळूरमध्ये स्थायिक होणार आहात का? आम्हाला वर्षभरात सोडून जाणारी माणसं नकोत." मी हो म्हटलं. लगेच मनात आलं, पुण्याच्या मॅडमनाही मी अजून नाही म्हटलेलं नाही. दोन शहरांत स्थायिक व्हायला निघालेली बाई मी पहिलीच असेन.

बेंगळूरनं मला खरं पकडलं ते मुलाखतीनंतरच्या संध्याकाळी. गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी उगाच चालत निघाले. दोन्ही बाजूंनी झाडं, फुटपाथवर गुलाबी फुलांचा सडा, हवा अशी की मार्च आहे हे खरं वाटू नये. एका हॉटेलात शिरले आणि डोसा मागवला. खाता खाता लक्षात आलं, आपण आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात एकट्या बसून खातोय. आळंदला असं बसले असते तर डोसा संपायच्या आत अप्पांना दुकानावर कळलं असतं. इथं वेटरसुद्धा माझ्याकडे बघत नव्हता. मी अजून एक कॉफी मागवली, फक्त बसायला मिळावं म्हणून. हेच पाहिजे, असं त्या घडीला मला अगदी स्पष्ट वाटलं. परतीच्या गाडीत वाडी जंक्शन येईपर्यंत ते स्पष्ट राहिलं. वाडीला खिडकीतून कुणीतरी आमच्याकडच्या कन्नडमध्ये पोरांवर ओरडलं, आणि माझा जबडा सैल झाला. तेव्हा कुठं कळलं, तो बेंगळूरलाही आवळलेलाच होता.

घरी आले तर घरात वेगळंच शिजत होतं.

मावशी आली होती. तिनं मोबाईलवर एक फोटो काढून माझ्यापुढं धरला. उमरग्याचीच माणसं, आपल्यातलीच, मुलगा पुण्यात इंजिनिअर. "तू पुण्याला जायलीस म्हणून कळलं त्येंना. म्हणायलेत, पोरगी तिकडंच असंल तर लई सोयीचं पडंल." त्याच संध्याकाळी अप्पांच्या शेजारच्या आडतवाल्यानं दुसरा फोटो पाठवला. हा मुलगा बेंगळूरला, त्याची आई गुलबर्ग्याची. दोन्ही फोटोंतली मुलं दिसायला चांगली होती. दोघंही डोंगरावर उभे राहून हसत होते.

रात्रीच्या जेवणाला अप्पांनी भाकरी मोडत विषय काढला. खुशीत असले की ते मला अक्का म्हणतात. म्हणाले, "अक्का, घाई न्हाई. तू फक्त गाव सांग. म्हंजे मी त्येंना फोन करतो."

"कुणाला?"

"पुणं म्हणलीस तर उमरग्याला. बेंगळूर म्हणलीस तर गुलबर्ग्याला."

घास हातातच राहिला. गेले दोन महिने मी टेकडी, झाडं, शब्द, पगार, जबडा सगळं तराजूत घालून बघत होते. आणि घरात त्याच तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकेक नवरा बसवून ठेवला होता. आता मी पुणं म्हटलं तरी ते पुणं राहणार नव्हतं.

"अप्पा, मला शहराला जायचंय. लगीन मागनं बघू."

अप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर भांडता आलं असतं. ते खरोखर कोड्यात पडले. "शहराला जाऊन काय करणार मग? एकटी?"

"काम करणार. ऱ्हाणार."

"ऱ्हाणार म्हंजे कसं?"

हॉटेलात एकटीनं कॉफी पिणार, असं बापाला कसं सांगायचं? त्यासाठी एवढं लांब कामून जायचं, असं त्यांनी विचारलं असतं आणि तेही रास्तच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गच्चीवर ज्वारी निवडत बसली होती. मीही सूप घेऊन शेजारी बसले. आई महाराष्ट्रातली, उमरग्याकडची, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन आळंदला आली. हे मला माहीत होतं, पण माहीत असण्यापलीकडे मी त्याचा कधी विचार केला नव्हता. मी विचारलं, "आई, तुला विचारलं हुतं का गं, कुठल्या गावाला देऊ म्हणून?"

"कोण विचारतंय?" आई खडे टिपत म्हणाली. "बसमध्ये बसवलं, हितं उतरवलं. उतरले तर एक पाटी वाचाय येईना. शिकलेली बाई मी, सातवी पास, आन् दवाखाना कुठला, किराणा कुठला, कळंना. आंधळ्यावानी झालं."

"मग?"

"मग काय. तुझे अप्पा संध्याकाळी बाजारातनं न्यायचे. चालता चालता हळूच वाचून दाखवायचे. हे औषधाचं दुकान. ही ब्यांक. ह्ये कापडवाल्याचं नाव. कुणाला कळू न्हाई म्हणून रस्त्याकडं बघत बोलायचे." आई जराशी हसली. मला अप्पांचं हे रूप ठाऊकच नव्हतं. वाटलं, ती आता म्हणेल, तुझंही तसंच होईल बघ, जिथं जाशील तिथं रमशील. पण तिनं तसलं काही म्हटलं नाही. बराच वेळ ज्वारी निवडून झाल्यावर म्हणाली, "मला विचारलं असतं तर काय म्हणले असते, मलाबी ठाव न्हाई. तुला निवडाय मिळायलंय म्हणून तुझा एवढा घोळ व्हायलाय. मला तर घोळबी मिळाला न्हाई."

ती तक्रार होती, सल्ला होता की माझ्याबद्दलचा हेवा, ते मला कळलं नाही. तिलाही कळलं असेल असं वाटत नाही. तिनं सूप पाखडलं आणि फोलकटं वाऱ्यावर गेली.

पुण्याहून आणि बेंगळूरहून दोन्हीकडून फोन यायला लागले. मी दोघांनाही या आठवड्यात कळवते म्हणत होते. आणि त्याच आठवड्यात म्हैसूरला माझ्या वरच्या वर्गात असलेल्या एका ताईचा हैदराबादहून फोन आला. लकवा मारलेल्या, डोक्याला मार लागलेल्या माणसांचं एक केंद्र होतं, तिथं जागा निघाली होती. बिदर, उदगीर, नांदेडकडची माणसं डोक्याच्या ऑपरेशनला हैदराबादला येतात आणि नंतर त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं, असं ती म्हणाली. हैदराबादचा मी स्वप्नातही विचार केला नव्हता. आमच्याकडे हैदराबाद म्हणजे आज्याच्या काळातली गोष्ट, निजामाच्या कचेऱ्यांची. नुसतं बोलून तर बघू, म्हणून मी व्हिडिओवर मुलाखतीला बसले.

पलीकडे एक पिकल्या केसांच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी हिंदीत विचारलं, "कौन कौन सी ज़बान आती है?"

मी इतकी वैतागलेली होते की खरं तेच बोलून गेले. "जी, मराठी, कन्नड, दखनी, सगळ्या येतात. पण एकही नीट येत नाही, असं लोक म्हणतात."

बाई मोठ्यानं हसल्या. "तो आ जाओ. यहाँ भी किसी को नहीं आती."

फोन ठेवला आणि मी गच्चीवर गेले. हैदराबादच्या बाजूनं, विरुद्ध काय काय आहे ते मोजायला लागले. तेलुगू मला येत नाही. तिथं नातेवाईक नाही. मैत्रीण म्हणावी अशी ती एक ताई, तिचंही लग्न ठरलेलं. उन्हाळा आपल्यासारखाच वाईट. आणि मग एकदम ध्यानात आलं. हैदराबादला एकही फोटो नव्हता. डोंगरावर उभा राहून हसणारा कुणीच तिथं राहत नव्हता.

मी हैदराबाद निवडलं ते या कारणानं. नंतर लोकांना मी बरीच कारणं सांगितली. पेशंट आपल्या भागातले, काम शिकण्यासारखं, बस थेट. ती सगळी खरीही आहेत. पण ती मी मागून गोळा केली.

अप्पा दुकानात होते. मी तिथंच जाऊन सांगितलं. तुरीच्या पोत्यांमध्ये उभे राहून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मराठी, कन्नड, दखनी सोडून चौथ्याच भाषेत काहीतरी म्हणतेय. "हैदराबाद? मधीच हैदराबाद कुठनं आलं?"

"काम चांगलं हाय."

"तिथं आपलं कोण हाय?"

"कुणीच न्हाई."

अप्पा बारदानावरची धूळ उगाच झटकत म्हणाले, "बरं, आईला सांगितलीस का?"

आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाटी कुठल्या लिपीत असती तिथं?"

दोन्हीकडे फोन करून नाही म्हटलं. बेंगळूरच्या बाईंनी दोन वाक्यांत आटोपलं. पुण्याच्या मॅडम मात्र थोडा वेळ बोलत राहिल्या. मी भीत भीत त्या मुलीची चौकशी केली. "छान प्रगती आहे," मॅडम म्हणाल्या. "आजीसमोर 'चाललीय' म्हणते. एकटी खेळत असली की 'जायली'." मी फोन ठेवला आणि दिवसभर माझं कशातच लक्ष लागलं नाही. त्या मुलीसाठी तरी पुण्याला जायला हवं होतं असं वाटलं. मग वाटलं, गेले असते तर तिचं ते 'जायली' मीच पुसून टाकलं असतं.

हैदराबादला पहिले काही महिने मी शहरातली सगळ्यात मुकी बाई होते. उदगीर-बिदरकडचे पेशंट येत, पण अधूनमधून. रोजचे बहुतेक तेलुगू बोलणारे. माझ्याकडे एक निवृत्त बस कंडक्टर यायचे. लकव्यानं त्यांची वाचा गेलेली, आणि मला तेलुगू नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसायचो आणि त्यांची बायको आम्हा दोघांना एकदमच शिकवायची. पाण्याचा पेला दाखवून ती म्हणायची, "नीळ्ळु." आम्ही दोघंही म्हणायचो. त्यांचं माझ्यापेक्षा बरं यायचं.

एकदा त्यांच्याकडून मी जिभेचा व्यायाम करून घेत होते. ते मध्येच म्हणाले, "चालु." मी खूश झाले. नवा शब्द आला, आणि तोही आमच्यातला! व्यायाम चालू ठेवा म्हणतायत, असं समजून मी अजून जोरात घ्यायला लागले. ते पुन्हा म्हणाले, "चालु, चालु." मी म्हटलं, हो हो, चालू! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी बायकोनं माझं मनगट धरलं आणि हातानं खूण केली, पुरे. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. बिचाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. मी कान पकडून माफी मागितली आणि आम्ही तिघं इतकं हसलो की बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावायला लागली.

असे दिवस चांगले जायचे. रविवार वाईट. वसतिगृहाच्या खोलीत पडून मी विचार करायचे, आत्ता बेंगळूरला असते तर त्या हॉटेलात गेले असते. हैदराबादलाही एकटीनं चहा प्यायला कोण अडवत होतं? कुणी नाही. तरी ते सुख तसं परत येत नव्हतं. का, ते मी पुष्कळदा शोधलं. सापडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अप्पा मला भेटायला आले. कडक भाकऱ्यांचा गठ्ठा, शेंगांची चटणी आणि आईनं दिलेली शाल घेऊन. मला वाटलं होतं, हे मोठं शहर बघून ते बावरतील. झालं उलटंच. बस स्टँडवर रिक्षावाल्याशी ते दखनीत असे बोलायला लागले की मी बाजूलाच राहिले. "कैकू इत्ता बोलते मियाँ? इत्ता नक्को." रिक्षावाल्यानं गाव विचारलं. आळंद, गुलबर्ग्याच्या बाजूला, असं ऐकून म्हणाला, "हौ? हमारी नानी गुलबर्गे की." मग काय, रस्ताभर गुलबर्ग्याच्या दर्ग्याची जत्रा, तिथली मिठाई, पाऊसपाणी. उतरताना अप्पांनी त्याला एक कडक भाकरी दिली. माझ्याकडे वळून, लहान मुलासारखा चेहरा करून म्हणाले, "अक्का, हे तर आपलंच गाव हाय की!"

मी हो म्हटलं. पण मला ते आवडलं की नाही, हे कळेना. जिथं आपलं काहीच नाही म्हणून मी हे शहर घेतलं होतं, तिथं त्यांनी रिक्षातून उतरेपर्यंत नाती लावली होती. दोन वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि अप्पा डाळीचा बाजार बघायला. संध्याकाळी परत आले ते भलत्याच उत्साहात. पायातल्या चपला काढायच्या आत सुरू झाले. "एक दाळवाला भेटला बग. मूळचा हुमनाबादचा. बोलता बोलता पाव्हणे निघाले, आपल्या धाकट्या काकीच्या माहेरचे. लई चांगली माणसं."

"बरं झालं की."

"त्येंचा पोरगा हितंच असतो." ते पाणी पिऊ लागले. पेल्याआडून माझ्याकडे बघत होते.

"अप्पा, तुम्ही दाळ बघायला गेलता का अजून काही?"

"दाळच बघायला गेलतो," ते मनापासून म्हणाले. "पण माणूस भेटल्यावर बोलाचं न्हाई व्हय?"

मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण मोबाईल काढून त्यांनी फोटो माझ्यापुढं धरला नाही, हे माझ्या लक्षात आलं. दाळवाल्याकडं मागितला असता तर मिळाला असता. त्यांनी मागितला नव्हता. आम्ही भाकरी आणि चटणी खाल्ली. ते शेजारच्या लॉजवर झोपायला गेले आणि मी खोलीत बसून, मला नेमकं काय वाटतंय हे ठरवायचा प्रयत्न केला. ठरलं नाही. झोप मात्र लागली.

सकाळी त्यांना सोडायला बस स्टँडवर गेले. गुलबर्ग्याची बस फलाटाला लागली होती. खिडकीत बसून अप्पांनी पिशवी मांडीवर घेतली आणि इतका वेळ न विचारलेलं विचारलं. "बरं वाटायलंय ना तुला हितं?"

"कळंना अजून, अप्पा."

माझं उत्तर त्यांना काळजीचं वाटेल, असं मला वाटलं. मीही मनात पुढचं वाक्य जुळवत होते, काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत वगैरे. पण त्यांनी नुसती मान हलवली, तुरीचा भाव पडल्याचं कळल्यावर हलवतात तशी. "मग ऱ्हा की कळस्तवर," ते म्हणाले. आणि मागं वळून कंडक्टरला विचारू लागले, बस हुमनाबादवरनं जाते का, आणि जात असेल तर तिथं चहाला किती वेळ थांबते.